आउरलांड: एका नॉर्वेजियन फ्योर्ड-कोमुनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आउरलांड नेमकं कुठे आहे? नाव तर कधी ऐकलं नाही.

नाव ऐकलं नसेल, पण फोटो नक्की पाहिला असेल. स्कँडिनेव्हियाच्या सहलीच्या पत्रकात हिरवी आगगाडी, धबधबा आणि काळ्याशार पाण्यावरची बोट असते ना, ते बहुतेक वेळा फ्लोम असतं. फ्लोम हे आउरलांड कोमुनेतलं, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्याच्या हद्दीतलं, एक गाव. पर्यटकांना गाव माहीत असतं आणि कोमुने माहीत नसते, त्यामुळे पंचाईत अशी होते की जिथे रेल्वे, रस्ते, शाळा, वीज आणि दरडी यांचे निर्णय होतात ते ठिकाण कुणाच्या नजरेतच येत नाही.

नॉर्वेच्या पश्चिम भागात, बर्गन आणि ओस्लो यांच्यामधल्या डोंगराळ पट्ट्यात, साधारण ६१ अंश उत्तर अक्षांशाजवळ ही कोमुने आहे. जिल्हा वेस्टलांड. शेजारी लॅर्दाल, होल, उल्विक, वॉस आणि विक. क्षेत्रफळ सुमारे १,४६७ चौरस किलोमीटर आणि वस्ती जेमतेम १,८००.

कोमुने म्हणजे ग्रामपंचायत का?

माणसं मोजली तर ग्रामपंचायत, जमीन मोजली तर दोन मुंबया मावून उरतील, आणि अधिकार पाहिले तर थेट महानगरपालिका. नॉर्वेत राज्यकारभाराचे तीन थर आहेत: केंद्र, जिल्हा आणि कोमुने. या तिन्हींत कोमुनेच्या पदरात रोजच्या जगण्यातलं सगळ्यात जास्त काम पडतं. बालवाडी, दहा वर्षांची शाळा, कुटुंबाचा ठरलेला डॉक्टर, म्हाताऱ्या माणसांची घरपोच सेवा आणि वृद्धाश्रम, पिण्याचं पाणी, सांडपाणी, अग्निशमन, ग्रंथालय, बांधकाम परवाने, जमिनीच्या वापराचे आराखडे हे सगळं कोमुनेचं. जिल्ह्याकडे उच्च माध्यमिक शाळा, जिल्हामार्ग, बस-बोटींची सार्वजनिक वाहतूक आणि दातांचे दवाखाने. रुग्णालयं आणि पोलीस केंद्राकडे.

गंमत म्हणजे ओस्लो शहर आणि आउरलांड या दोघांवर कायद्याने जवळपास सारखीच कर्तव्यं आहेत. सात लाख लोकांच्या शहराला जे जमवायचं तेच १,८०० लोकांच्या दरीखोऱ्यातल्या वस्तीनेही जमवायचं. हे परवडतं कसं, याचं उत्तर पुढे विजेच्या प्रश्नात आहे.

भूगोल थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात सांगण्यासारखा तो नाही, पण प्रयत्न करतो. फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची लांब, अरुंद पट्टी. सोग्नेफ्योर्ड हा नॉर्वेतला सगळ्यात लांब आणि सगळ्यात खोल फ्योर्ड. लांबी २०० किलोमीटरहून जास्त, कमाल खोली सुमारे १,३०० मीटर. समुद्रापासून पार आत आल्यावर त्याला दक्षिणेकडे एक फांदी फुटते, ती आउरलांड्सफ्योर्ड, लांबी सुमारे २९ किलोमीटर. त्या फांदीला पश्चिमेकडे आणखी एक बारीक फांदी फुटते, ती नॅरॉयफ्योर्ड. ही सुमारे १७ किलोमीटर लांब आणि सगळ्यात अरुंद जागी फक्त २५० मीटर रुंद. दोन्ही बाजूंचे कडे हजार मीटरच्या वर जातात. बोटीतून जाताना मान वर करूनही आकाशाची पट्टीच दिसते.

आउरलांड्सफ्योर्डच्या पूर्व काठावर आउरलांड्सवांगेन, स्थानिकांच्या तोंडी नुसतं वांगेन. कोमुनेचं मुख्य ठिकाण हे. फ्योर्डच्या टोकाला फ्लोम, पश्चिम काठावर उंद्रेदाल, आणि नॅरॉयफ्योर्डच्या टोकाला गुदवांगेन. राहिलेली सगळी जमीन म्हणजे डोंगर, पठार, तळी आणि बर्फ. सर्वांत उंच शिखर ब्लोस्काव्लेन, १,८०९ मीटर. लोक राहतात ते समुद्रसपाटीवरच्या चिंचोळ्या पट्ट्यांत आणि नद्यांच्या मुखांशी, कारण दुसरीकडे राहायला सपाट जागाच नाही.

फ्योर्ड तयार कसा झाला? तो नदी आहे की समुद्र?

समुद्र. पाणी खारं आहे, भरती-ओहोटी आहे, फक्त वरचा थर वितळलेल्या बर्फामुळे गोडसर असतो. आधी इथे नद्यांनी कोरलेल्या दऱ्या होत्या. मग हिमयुगं एकामागून एक आली आणि हिमनद्यांनी त्या दऱ्या खोल आणि रुंद घासून काढल्या. शेवटचं बर्फ साधारण दहा हजार वर्षांपूर्वी मागे हटलं आणि समुद्र आत शिरला.

एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. फ्योर्ड मुखाशी उथळ आणि आत खोल असतो. बर्फाचा थर आत जाड होता, तिथे त्याने जास्त कोरलं. समुद्राजवळ तो पसरून पातळ झाला, तिथे कोरण्याची ताकद उरली नाही. म्हणून मुखाशी एक उंबरा राहिला. बाजूच्या छोट्या हिमनद्यांना मुख्य हिमनदीइतकं खोल जाता आलं नाही, त्यामुळे त्यांच्या दऱ्या अर्ध्यावर लटकत राहिल्या आणि त्यांतलं पाणी आज धबधबा होऊन खाली कोसळतं. पर्यटक ज्याचे फोटो काढतात आणि वीज कंपनी ज्याचे पैसे करते, ते दोन्ही याच उंचीच्या फरकातून आलेलं आहे.

हवामान खूप वाईट असतं का?

बर्गनच्या मानाने बरंच बरं. समुद्रावरून येणारे ढग आधी किनाऱ्याजवळच्या डोंगरांवर रिते होतात, आतल्या फ्योर्डपर्यंत कमी पाऊस पोचतो. उन्हाळ्यात दिवस लांबलचक. हिवाळ्यात मात्र अरुंद नॅरॉय बाजूला सूर्य आठवडेच्या आठवडे कड्यांच्या वर येतच नाही. प्रकाश असतो, ऊन नसतं.

इथला इतिहास किती जुना?

वस्ती खूप जुनी, पण डोळ्यांनी पाहता येण्याजोगा इतिहास चर्चपासून सुरू होतो. उंद्रेदालचं स्टाव्ह-चर्च, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर रचलेलं चर्च, ११४७ सालचं मानलं जातं. सुमारे ४० माणसांची जागा; स्कँडिनेव्हियातल्या अजून वापरात असलेल्या चर्चांमध्ये सगळ्यात लहान अशी त्याची ख्याती. वांगेनचं दगडी चर्च १२०२ सालचं. एवढ्याशा गावात एवढं भक्कम गॉथिक बांधकाम कसं, असा प्रश्न पडतो. लोक त्याला कौतुकाने सोग्नचं, म्हणजे सोग्नेफ्योर्डभोवतालच्या मुलखाचं, कॅथीड्रल म्हणतात.

शेतकऱ्याचं आयुष्य कसं होतं हे बघायचं तर फ्लोम आणि वांगेन यांच्या मधल्या ओटेर्नेसला जावं. फ्योर्डच्या वर एका कंगोऱ्यावर २७ लाकडी इमारतींचा हा पुंजका आहे: घरं, गोठे, धान्याची कोठारं. जमीन भावाभावांत वाटली जाई पण घरं एकाच जागी दाटीने उभी राहत, कारण बांधता येईल अशी जागा तेवढीच. उन्हाळ्यात गुरं-शेळ्या वर पठारावरच्या कुरणात, तिथेच दूध काढणं आणि चीज करणं, हिवाळ्याचं गवत कड्यांच्या फटींतून कापून तारेवरून खाली सोडणं. रम्य वगैरे म्हणायला हरकत नाही, पण ते म्हणणारा माणूस उतारावर गवत कापणारा नसतो. एकोणिसाव्या शतकात सोग्नमधून माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेला गेली ती उगाच नाही.

कोमुने म्हणून इतिहास १८३८ पासून. नॉर्वेने १८३७ साली स्थानिक स्वराज्याचे कायदे केले आणि पुढच्या वर्षापासून जुन्या चर्चच्या परगण्यांना निवडून आलेली मंडळं मिळाली. आउरलांड त्यांतलंच एक.

रस्ते नव्हते तेव्हा लोक ये-जा कशी करत?

होडीने. फ्योर्ड हाच रस्ता होता. आज नकाशावर पाणी आडवं आलेलं दिसतं, पण तेव्हा पाणी जोडायचं आणि डोंगर तोडायचे. चर्चला, बाजाराला, लग्नाला, दफनाला सगळीकडे होडी.

१६४७ मध्ये नॉर्वेत सरकारी टपालसेवा सुरू झाली आणि ओस्लो–बर्गन टपालाचा मार्ग नॅरॉयफ्योर्डवरून जाऊ लागला. टपाल पोचवण्याची जबाबदारी काठावरच्या शेतकऱ्यांवर होती. हिवाळ्यात पंचाईत व्हायची: फ्योर्ड गोठला की बर्फातून होडी पुढे सरकत नसे, आणि तो बर्फ माणसाचं वजन पेलेल याची खात्री नसे. अशा दिवसांसाठी स्टीवी ते ब्लेइक्लिंदी अशी काठावरून पायवाट काढली. ती अजून आहे, चालता येते, आणि दरडी तिच्यावर अजूनही येतात.

उंद्रेदालला मोटाररस्ता आला तो १९८८ मध्ये. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या तिथल्या माणसाने बालपणी गावाबाहेर जायला बोटच धरलेली आहे.

फ्लोमची रेल्वे एवढी प्रसिद्ध का? ती पर्यटकांसाठीच बांधली का?

नाही, आणि हा गैरसमज मोठा आहे. ओस्लो–बर्गन रेल्वे १९०९ मध्ये सुरू झाली. ती डोंगरावरून जाते. सोग्नेफ्योर्डच्या लोकांना, मालाला आणि टपालाला त्या मुख्य मार्गाशी जोडायचं होतं, म्हणून फ्योर्डपासून म्युर्दाल स्थानकापर्यंत शाखा काढली. काम १९२४ मध्ये सुरू झालं. १ ऑगस्ट १९४० ला, जर्मन ताब्याच्या काळात, वाफेच्या इंजिनावर तात्पुरती सुरू झाली आणि १९४४ मध्ये विजेवर आली.

लांबी फक्त २० किलोमीटर. पण तेवढ्यात गाडी समुद्रसपाटीवरून ८६६ मीटरवर चढते. चढ कमाल १८ मीटरला १ मीटर, आणि तोही दाताळ रुळाशिवाय, साध्या रुळांवर. वीस बोगदे आहेत, त्यातले अठरा मजुरांनी हातांनी फोडले. एका ठिकाणी उंची गाठायला मार्ग डोंगराच्या पोटात वळसा घेतो. ब्रेकच्या पाच स्वतंत्र व्यवस्था आहेत. उतरताना ही माहिती उपयोगी पडते, म्हणजे मनःशांतीसाठी.

पुढे रस्ते झाले, माल ट्रकवर गेला, आणि नव्वदच्या दशकात ही शाखा चालू ठेवायची की नाही असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा स्थानिक पातळीवर पर्यटनासाठी ती नव्याने उभी केली गेली. तिकिटं महाग झाली, गाड्या भरल्या. आज शॉस धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते आणि उन्हाळ्यात लाल कपड्यातली एक बाई संगीतावर नाचते. ती लोककथेतली वनदेवता, म्हणजे खरं तर नृत्याचं शिक्षण घेणारी विद्यार्थिनी. मला ते जरा जास्तच वाटतं. धबधबा एकटा पुरेसा होता.

जगातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा इथेच आहे ना?

हो. लॅर्दाल बोगदा, २४.५ किलोमीटर, आउरलांड ते लॅर्दाल. नॉर्वेच्या संसदेने १९९२ मध्ये मंजूर केला, काम १९९५ मध्ये सुरू झालं, २७ नोव्हेंबर २००० ला उद्घाटन. टोल नाही.

त्याआधी ओस्लो–बर्गन रस्त्यावर हिवाळ्यात एक तर खिंडी बर्फाने बंद, नाही तर गुदवांगेनहून फेरीबोट. दोन मोठ्या शहरांच्या मध्ये वर्षभर बोटीशिवाय आणि उंच खिंडीशिवाय जाणारा रस्ता हवा होता. डोंगर उघड्यावर कापण्याऐवजी पोटातून गेले.

इतक्या लांब बोगद्यात खरी अडचण दगडाची नसते, चालकाच्या डोक्याची असते. वीस मिनिटं एकसारखा अंधार पाहून माणूस पेंगतो. म्हणून मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने मध्ये तीन रुंद गुहा केल्या, साधारण सहा-सहा किलोमीटरवर. तिथे निळा प्रकाश आणि खाली पिवळसर, पहाट झाल्यासारखा. हवा स्वच्छ करणारं संयंत्रही बोगद्यातच आहे. धूळ आणि नायट्रोजन डायऑक्साइड काढून टाकणारं.

त्याच महामार्गावर फ्लोम ते गुदवांगेन अशी आणखी दोन बोगद्यांची साखळी आहे. त्यातल्या ११.४ किलोमीटरच्या गुदवांगेन बोगद्यात २०१३ मध्ये ट्रकला आणि २०१५ मध्ये बसला आग लागली. दोन्ही वेळा लोक धुरात अडकले. जीव कुणाचा गेला नाही, पण बोगद्यांच्या सुरक्षेचा प्रश्न देशभर गाजला. आणि अशा वेळी आधी धावून जातं ते कोमुनेचं छोटं अग्निशमन दल. लांबच लांब बोगदे केंद्र बांधतं, आग विझवायला गावातली माणसं जातात. या विषमतेबद्दल स्थानिक राजकारणात बोललं जातं, आणि ते रास्तच आहे.

वीज आणि कोमुनेची श्रीमंती यांचा काय संबंध?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि पर्यटक तो कधीच विचारत नाहीत.

डोंगरावर हजार-दीड हजार मीटरवर तळी, खाली समुद्र, आणि मध्ये सरळ कडा. जलविद्युतेला याहून चांगली जागा नाही. ओस्लो शहराच्या वीजसंस्थेने १९६९ मध्ये परवाना मिळवून आउरलांडच्या पाणलोटाचा विकास सुरू केला. डोंगरावर धरणं, डोंगराच्या पोटात बोगदे, आणि पोटातच वीजघरं. त्यातलं सगळ्यात मोठं आउरलांड १, क्षमता ८४० मेगावॅट. आउरलांड ३ हे उलटंही चालतं: वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी पंपाने वर चढवून साठवायचं, महाग झाली की खाली सोडायचं. आज ही केंद्रं हाफस्लुंड या कंपनीकडे आहेत, आणि ती ओस्लो कोमुनेच्या मालकीची आहे.

म्हणजे पाणी गावाचं, वीज राजधानीची? पूर्ण तसं नाही. नॉर्वेच्या कायद्याने पाण्याच्या बदल्यात कोमुनेला चार वाटांनी मोबदला मिळतो. वीजकेंद्रांवर मालमत्ता कर. प्रत्येक युनिटमागे नैसर्गिक संसाधन कर. परवान्याचं वार्षिक शुल्क. आणि उत्पादनातल्या कमाल १० टक्के विजेवर ठरावीक, स्वस्त दराने हक्क. ती कोमुने वापरू शकते किंवा बाजारभावाने विकू शकते. बाजार चढला की १,८०० लोकांच्या तिजोरीत चांगली भर पडते.

किंमतही मोजली. धबधबे आटले, नदीचं पाणी कमी झालं. आउरलांड नदी समुद्री ट्राउट माशासाठी नावाजलेली. एकोणिसाव्या शतकापासून श्रीमंत इंग्रज गळ टाकायला येत, भाड्याने नद्या घेत. विकासानंतर मासा घटला. आउरलांड्सदालेनची दरी पुरती बुडाली नाही यामागे त्या काळी झालेला विरोध आहे. वीजप्रकल्पाच्या कामासाठी होलकडे जाणारा रस्ताही झाला, तोवर त्या बाजूने फक्त पायवाट होती. माझं मत विचाराल तर गावाने सौदा बरा केला. पण ‘बरा’ हा शब्द नदीकाठच्या माणसासमोर मी जपून वापरेन.

निवडणूक कशी होते? सरपंच कोण असतो?

दर चार वर्षांनी सप्टेंबरमध्ये, सगळ्या देशात एकाच वेळी. शेवटची २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये. मतदार पक्षाच्या यादीला मत देतात आणि प्रमाणानुसार जागा वाटल्या जातात. पाच हजारांहून कमी वस्तीच्या कोमुनेच्या सभेत कायद्याने किमान ११ सदस्य लागतात. सभा आपल्यातून महापौर निवडते, तिथे त्याला ‘ओर्दफोरर’ म्हणतात, आणि एक छोटी कार्यकारी समितीही नेमते. प्रशासन चालवायला पगारी अधिकारी असतो, कोमुनेचा संचालक. महापौर राजकारण करतो, संचालक कारभार, बहुतेक वेळा.

सदस्य शेतकरी, शिक्षक, परिचारिका, हॉटेलवाले असतात आणि आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करतात. ग्रामीण भागात शेतकऱ्यांच्या परंपरेतला सेंटर पक्ष बळकट. सभा लोकांसाठी खुल्या असतात, आणि कोमुनेकडे आलेल्या-गेलेल्या पत्रांची यादी कुणीही पाहू शकतो, पत्र मागू शकतो. कारण सांगावं लागत नाही.

आपल्या वाचकांपैकी जे नॉर्वेत नोकरीला आहेत त्यांच्यासाठी: सलग तीन वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं असेल तर भारतीय पासपोर्टवरही कोमुने आणि जिल्ह्याच्या निवडणुकीत मत देता येतं. संसदेच्या निवडणुकीत नाही. अनेकांना हे ठाऊकच नसतं आणि मतपत्रिका तशीच पडून राहते.

एवढ्या छोट्या कोमुना एकत्र का करत नाहीत?

प्रयत्न झाला. २०१४ नंतरच्या सुधारणेत सरकारने विलीनीकरणाला पैसे आणि धाक दोन्ही दाखवले. १ जानेवारी २०२० ला देशातल्या कोमुनांची संख्या ३५६ वर आली. त्याच दिवशी सोग्न-ओ-फ्योर्डाने आणि होर्डालांड हे जिल्हे एक होऊन वेस्टलांड झाला. आउरलांड स्वतंत्र राहिलं. विजेचं उत्पन्न असलेल्या कोमुनेला आपली तिजोरी दुसऱ्यात मिसळायची घाई नसते, हे सांगायला अभ्यास लागत नाही. शिवाय डोंगर: शेजारच्या कोमुनेचं कार्यालय नकाशावर जवळ दिसतं, पण हिवाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला की ते दुसऱ्या देशात असल्यासारखंच.

दरडी आणि पूर यांचा धोका खरा आहे का?

खरा आहे. फ्लोम आणि वांगेन यांच्या वरच्या बाजूला स्टाम्पा नावाचा डोंगरउतार आहे. त्यातला मोठा खडक अस्थिर असून राष्ट्रीय जलसंपदा व ऊर्जा संचालनालय त्यावर लक्ष ठेवून असतं. मोठा भाग एकदम फ्योर्डमध्ये कोसळला तर लाट उठेल, आणि इथे सगळी वस्ती काठावरच आहे. नॉर्वेत असं घडलेलं आहे: १९३४ मध्ये ताफ्योर्ड इथे ४० माणसं गेली. म्हणून मोजमाप सतत चालू असतं आणि बांधकाम परवानगी देताना लाटेचा विचार करावा लागतो.

पूर तर अगदी अलीकडचा. ऑक्टोबर २०१४ च्या मुसळधार पावसात फ्लोमची नदी बेफाम झाली, घरं आणि रस्ते वाहून गेले.

युनेस्कोचा दर्जा मिळाल्यावर काय बदललं?

२००५ मध्ये नॅरॉयफ्योर्ड आणि उत्तरेकडचा गेइरांगरफ्योर्ड मिळून जागतिक वारशाच्या यादीत गेले. वाढली ती गर्दी, आणि गर्दीबरोबर धूर. वारा नसलेल्या दिवशी क्रूझ जहाजाचा निळसर धूर त्या अरुंद दरीत तासन्‌तास लटकून राहायचा. शुद्ध निसर्ग पाहायला आलेल्या लोकांनीच तो आणलेला.

संसदेने २०१८ मध्ये ठरवलं की वारसा-फ्योर्डांमध्ये पर्यटक जहाजं आणि फेरीबोटी शून्य उत्सर्जनाच्या असाव्यात, २०२६ पर्यंत. पुढे मुदत वाटली गेली: १०,००० ढोबळ टनांखालच्या जहाजांना २०२६, मोठ्या जहाजांना २०३२. फ्लोम–गुदवांगेन मार्गावर मात्र २०१८ पासूनच पूर्ण विजेवर चालणारी प्रवासी बोट आहे. आवाज इतका कमी की धबधबे ऐकू येतात. बंदराची कमाई, हॉटेलं, रोजगार एका बाजूला आणि जहाजांची संख्या दुसऱ्या बाजूला, हा वाद कोमुनेच्या सभेत दरवर्षी नव्या रूपात येतो. फ्लोममध्ये कायमचे राहणारे काहीशे. एकाच जहाजातून उतरणारे त्याच्या कितीतरी पट.

उंद्रेदालच्या शेळ्यांचं काय? चीज तपकिरी का असतं?

गावात माणसं शंभराच्या आत आणि शेळ्या पाचशेच्या आसपास, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. दूध फाडून पांढरं चीज काढल्यावर उरणारं पाणी मोठ्या कढईत तासन्‌तास आटवतात. त्यातली दुधाची साखर भाजत जाऊन रंग आणि खमंग गोडी येते. खरवस-बासुंदीवर वाढलेल्या जिभेला हे पहिल्या घासात आवडतं, पण शेळीचा वास मागून येतो, तयारीत असा. इथलं चीज कच्च्या दुधाचं. अन्नसुरक्षेच्या नियमांशी गावाला त्यासाठी बरंच झगडावं लागलं.

आउरलांडचा बूट म्हणतात तो काय?

लेस नसलेला, पायात सरकवायचा चामड्याचा बूट. निल्स ग्रेगोरिउसन त्वेरांगर हा इथला माणूस अमेरिकेत चांभारकाम शिकून परतला आणि १९३० च्या सुमारास त्याने हा नमुना तयार केला. फ्योर्ड पाहायला आलेले परदेशी लोक ते घेऊन गेले, आणि अमेरिकेतल्या लोफर बुटांची परंपरा इथवर मागे नेली जाते. वांगेनमध्ये कारखाना अजून आहे, आत जाऊन पाहता येतो.

मुलांच्या शिक्षणाची सोय?

प्राथमिक शाळा कोमुनेतच. वांगेनला १९१७ पासूनची कृषी व उद्यानशाळा आहे, पूर्णपणे सेंद्रिय शेती शिकवणारी, आणि देशभरातून मुलं तिथे येतात. बाकी विषयांच्या उच्च माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून राहावं लागतं. शाळेत आणि कार्यालयात न्यूनोर्स्क चालतं, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन अधिकृत लेखनरूपांपैकी खेड्यापाड्यांतल्या बोलींवर बेतलेलं. ओस्लोत शिकलेल्या माणसालाही इथलं सरकारी पत्र थोडं वेगळं लागतं.

एका दिवसात काय बघावं?

सहलीच्या गटात असाल तर निवड तुमच्या हातात नसते. म्युर्दालहून गाडीने खाली, फ्लोमला जेवण, बोटीने गुदवांगेन, बसने पुढे. वाईट नाही.

स्वतः गेलात तर फ्लोमला न राहता वांगेनला राहा, नऊ किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी तिथे गावच असतं. वांगेनच्या वरच्या घाटरस्त्यावर ६५० मीटर उंचीवर स्टेगास्टाइन हा लाकूड-पोलादाचा सज्जा आहे, कड्यातून ३० मीटर पुढे झेपावलेला. टोकाला फक्त काच. चालायची सवय असेल तर आउरलांड्सदालेन: ओस्टर्बो ते वास्सबिग्दी, सुमारे २० किलोमीटर, सहा-सात तास, बहुतेक उतार. वाटेत सिंयारहाइमचं कड्यावर टेकलेलं जुनं शेतघर लागतं. सायकलवाल्यांनी रेल्वेमजुरांचा जुना रस्ता धरावा, म्युर्दालच्या खालच्या २१ वळणांवर मात्र उतरून चालावं.

तंबू ठोकला तर चालतो का?

चालतो. १९५७ च्या कायद्याने नॉर्वेत मोकळ्या रानात फिरण्याचा आणि मुक्कामाचा हक्क सगळ्यांना आहे, परदेशी माणसालाही. वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर, एका जागी दोन रात्रींपर्यंत. डोंगरावर आणि दुर्गम जागी त्याहून जास्त. शेतात आणि कुंपण घातलेल्या कुरणात नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवायला बंदी असते.

डिसेंबरच्या सुट्टीत गेलो तर लॅर्दालकडचा बर्फाचा रस्ता मिळेल का?

नाही. वांगेनहून स्टेगास्टाइनपर्यंतचा भाग हिवाळ्यातही उघडा ठेवतात, पण त्याच्या पुढे १,३०६ मीटरवरून जाणारा घाट पहिल्या मोठ्या हिमवर्षावानंतर बंद होतो आणि साधारण जूनच्या सुरुवातीला उघडतो. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती हव्या असतील तर जूनमध्ये जा. डिसेंबरमध्ये लॅर्दालला जायचं असेल तर बोगदा आहेच.